साडू आधी चावून बघतात

सर्व आप्तेष्ट, स्नेही, हितचिंतक आणि ज्यांच्या घरात एखादी गोल वस्तू आहे अशा तमाम जालनेकरांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, माझ्या थोरल्या साडूंइतका निराश माणूस या जिल्ह्यात दुसरा झालेला नाही, आणि इतकं निराश राहून इतकी प्रचंड खटपट करणारा माणूस तर कुठेच झालेला नसावा. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं माणूस स्वतः निवडत नाही. मुलगी बघायला जाताना आपण मुलगी बघतो, सासरा बघतो, फार तर घरामागची विहीर बघतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवर पोह्यांची बशी घेऊन, त्यातला एकेक शेंगदाणा बोटांत धरून उजेडाकडे नेत तपासणारा जो एक गृहस्थ असतो, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मीही दिलं नाही. त्यांनी मात्र माझ्याकडे दिलं होतं. पुढे बायकोने सांगितलं, की मी निघून गेल्यावर सगळ्यांनी त्यांना विचारलं, "दाजी, कसा वाटला मुलगा?" तेव्हा ते म्हणाले होते, "दिसायला बरा हे. उगवंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

यात त्यांचा काही दोष नव्हता. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ते उगवण तपासायच्या कामावर होते. ओल्या कागदावर बिया ओळीने मांडायच्या, कागदाची गुंडाळी करून ठेवायची, काही दिवसांनी ती उघडायची आणि किती बिया उगवल्या आणि किती नुसत्याच कुजल्या ते बघायचं, यात त्यांची हयात गेली. ज्या उगवल्या त्यांच्याकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. जी एखादी उगवली नाही ती ते घरी मनात घेऊन यायचे. "न्हाई जमायचं. लिहून ठेवा," हे त्यांचं वाक्य. मी घर बांधायला काढलं तेव्हा पायाच्या खड्ड्यात डोकावून त्यांनी ते म्हटलं, स्लॅब पडला तेव्हा म्हटलं, आणि मग भर मे महिन्यात डोक्याला पंचा गुंडाळून त्या स्लॅबवर सगळ्यांत जास्त पाणी त्यांनीच मारलं. पाणी मारताना माझ्याकडे वळून म्हणत होते, "गळणार हे. पन आपल्या बाजूनं कसूर नको." ते घर अजून गळलेलं नाही. ते आले की मात्र अजूनही प्रथम छताकडे बघतात आणि थोडे खट्टू होतात.

या माणसाच्या आयुष्यात एक कुत्री आली. कंपनीच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे कुणा कुत्रीने पिल्लं घातली होती. बाकीची कुठे कुठे गेली, एक उरलं. रंग अगदी सरकीसारखा, करडा, त्यावर कुठेकुठे कापूस चिकटून राहावा तसे पांढरे झुबके. साडूंनी ते पिल्लू जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून घरी आणलं आणि अक्कांना म्हणाले, "जगायचं न्हाई हे." अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी. त्या परतूरच्या शाळेत शिकवायच्या. सकाळच्या गाडीने जायच्या, संध्याकाळच्या गाडीने यायच्या, आणि नवऱ्याच्या भाकितांकडे त्या रेल्वेच्या वेळापत्रकाकडे बघतात तसं बघायच्या, म्हणजे ऐकून घ्यायचं आणि आपलं काम करायचं. त्यांनी पिल्लाला बोळ्याने दूध पाजलं, सरकी असं नाव ठेवलं, आणि सरकी जगली. नुसती जगली नाही, तर वासराएवढ्या ताकदीची झाली.

घरात ते दोघंच आणि सरकी. दोघं कामावर गेले की सरकी दिवसभर वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणि गच्चीवर एकटी. संध्याकाळी साडूंच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की ती दाराच्या आत उभी राहून जो आकांत मांडायची, तो ऐकून नव्या माणसाला वाटावं आत कुणी गेलं. दार उघडलं की ती साडूंच्या पँटीचा डावा पायचा दातांत धरायची आणि त्यांना थेट स्वयंपाकघरापर्यंत ओढत न्यायची. लोकांच्या पँटी गुडघ्यावर विरतात. यांच्या सगळ्या पँटी डाव्या घोट्याशी फाटलेल्या. कंपनीत, लग्नात, दशक्रियेला, कुठेही भेटले तरी ते पाय पुढे करून दाखवायचे. "बगा. रोजची तऱ्हा हे. ही कुत्री मला एक दिवस रस्त्यावर उघडं पाडनार." मी एकदोनदा त्यांच्यासोबत जिना चढलो तेव्हा मात्र एक गोष्ट पाहिली. कुलूप काढलं की ते क्षणभर थांबायचे आणि डावा पाय आपणहून पुढे करायचे.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी आषाढ दोनदा होता. पहिला आषाढ धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना, आणि आपल्याकडे अधिकात जावयाचा जो मान असतो तो वेगळा सांगायला नको. खाली राहणाऱ्या घरमालकीणकाकूंच्या मुलीचं आदल्याच उन्हाळ्यात लग्न झालेलं. जावई पहिल्या धोंड्याला आला. पुरणाचे धोंडे झाले, दिव्याचं ताट झालं, अनारसे झाले. जावईबापू जेवून आडवे झाले असताना सरकी गच्चीवरून खाली उतरली आणि उंबऱ्याशी काढून ठेवलेल्या त्यांच्या नव्या करकरीत कोल्हापुरी चपला तिने शांतपणे खाल्ल्या. एक पूर्ण, दुसरीचा अंगठा शिल्लक.

संध्याकाळी काकू वर आल्या. मी योगायोगाने तिथेच होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि अक्कांना म्हणाल्या, "बाई, माझा जावई धोंड्याला आल्ता. जाताना पायात काय घालून गेला, ठाऊक हे का? मोरीतल्या स्लिपरा. आता विहीणबाई म्हनत असतीन, सासूनं धोंड्याचं वाण म्हनून स्लिपरा दिल्या."

साडू म्हणाले, "काकू, मी नवीन चप्पल घेऊन देतो."

"जावयाला चप्पल देतं का कुनी?" काकूंनी कपाळाला हात लावला. "अजून घाला माझ्या अब्रूत भर. मागं माझ्या कुरडया खाल्ल्या, मी बोलले न्हाई. उशी फाडली, बोलले न्हाई. मी वाईट बाई न्हाई. पन आता अधिक सरेपस्तोर कुत्रीची सोय लावा, न्हाई तर माझी जागा खाली करा."

त्या गेल्यावर अक्कांनी शांतपणे सांगितलं, की त्यांचा मामेभाऊ अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत असतो. त्याला राखणीला कुत्रं हवंच होतं. तो ट्रक घेऊन जालन्याला येत असतो, अधिक सरला की घेऊन जाईल. साडू म्हणाले, "तिथं हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागती. हिला प्रत्येक गाडीचा आवाज आला की वाटनार, मीच आलो. पळत जाईल चाकाखाली. संपलं." एवढं म्हणून ते उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरकीला घेऊन गुरांच्या दवाखान्यात जाऊन उभे राहिले. डॉक्टर त्या वेळी एका अडलेल्या म्हशीच्या मागे होते. मान न वळवता त्यांनी ऐकून घेतलं आणि मान न वळवताच सांगितलं, "तिला काम नाही. दिवसभर करमत नाही, म्हणून चपला खाते. आयती भाकरी घालू नका. भाकरी मिळवायला तिचा अर्धा दिवस गेला पाहिजे, असं काहीतरी करा." साडूंनी विचारलं, "करू. पन काय?" डॉक्टर म्हणाले, "मी म्हशीचा आहे."

झालं. इथून पुढे माझ्या यातना सुरू होतात. कंपनीत आलेल्या कुणा परदेशी पाहुण्यांनी विसरलेल्या मासिकात साडूंनी पूर्वी एक चित्र पाहिलं होतं: एक तेल लावल्यासारखं चकचकीत कुत्रं, आणि त्याच्या पुढ्यात लाल रबराचं, उसाच्या कांड्यांना सूज आल्यासारखं दिसणारं एक पोकळ खेळणं. त्यात खाणं भरायचं, आणि कुत्र्याने ते चाटून, लोळवून, आपटून बाहेर काढायचं. साडूंनी त्या चित्राचं कात्रण घेऊन अख्खा बाजार पालथा घातला. खेळण्यांच्या दुकानदाराने खुळखुळा दिला. खेळाच्या सामानवाल्याने टेनिसचा चेंडू दिला, तो साडूंनी तिथल्या तिथे दातांत धरून ओढला आणि परत केला. "ह्याची लव निघती. घशात बसल." दुकानदार त्या ओल्या चेंडूकडे बघत राहिला.

हा त्यांचा नियम होता, आणि याच नियमाने आमचं घर उद्ध्वस्त झालं. सरकीला जे द्यायचं ते आधी ते स्वतः चावून बघायचे. मी एकदा म्हणालो, अहो, तुमचे दात आणि तिचे दात यांत काही फरक आहे की नाही? तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, "तिला टोचलं तर ती सांगनार हे का? मला बोलता येतं." रविवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे, चहाला नको म्हणायचे, आणि घरातल्या वस्तू चावायला लागायचे. माझ्या धाकट्या मुलाचा भोवरा चावला. त्याला लोखंडी आर होती, तो नापास. लाटणं तोंडात धरून उभे असताना माझी बायको आली. तिने नजर दुसरीकडे वळवून विचारलं, "दाजी, भूक लागली असंल तर ताट करते." ते लाटण्याच्या कडेने म्हणाले, "पालिश हे. न्हाई चालायचं." एकदा मी आंघोळ करून बाहेर आलो तर पलंगाखालून दोन पाय बाहेर आलेले. ओळखीचे होते, डावा पायचा फाटलेला. आत ते पलंगाचा खूर चावत होते. आजही पाहुणे आमच्याकडे वस्तू हातात घेऊन कौतुक करतात तेव्हा माझी बायको हळूच ती त्यांच्या हातातून काढून घेते.

पहिला प्रयोग करवंटीचा. अख्ख्या नारळाला वरून भोक पाडून, आतलं काढून, दहीभाकरीचा काला भरून दिला. साडूंनी तो नारळ बाहेरून चावून पाहिला होता, पक्का होता. सरकीने तो एकदा हुंगला आणि सुपारीसारखा फोडला. फुटलेली कड तिच्या हिरडीला लागली, थेंबभर रक्त आलं. सरकीला त्याचं काही वाटलं नाही, तिने काला संपवला. साडू मात्र त्या दिवशी जेवले नाहीत. दुसरा प्रयोग प्लॅस्टिकच्या तेलाच्या बाटलीचा. बाटलीला भोकं पाडून आत भाकरीचे तुकडे घातले. बाटली लोळली, तुकडे पडले, सगळं मनासारखं चाललं, आणि मग बाटलीचं निळं बूच दिसेना. पुढचे दिवस साडू रोज सकाळी सरकीला घेऊन मैदानावर जायचे, ती बसली की तेही थोड्या अंतरावर उकिडवे बसायचे, आणि ती उठली की हातात काडी घेऊन पुढे सरकायचे. त्याच आठवड्यात आमच्याकडे धोंड्याचं जेवण होतं. पंगत बसलेली, माझ्या जावयाचे वडील नुकताच पुरणाचा धोंडा फोडून त्यावर तूप घेत असताना साडू दारातून आत आले आणि कृतकृत्य आवाजात म्हणाले, "निघालं. अख्खं निघालं." व्याही सद्गृहस्थ आहेत. त्यांनी तोंडातला घास गिळून आपुलकीने विचारलं, "काय निघालं म्हणालात?" आणि माझ्या साडूंनी सांगितलं.

तिसरा प्रयोग लोखंडाचा. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. सळया ओढणाऱ्या गिरण्यांतल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी जाड पाइपचा तुकडा घासून, कडा गोल करून आणला. तो फुटणार नव्हता, तुटणार नव्हता, घशात जाणार नव्हता. साडूंनी तो दातांत धरला, आणि खात्री करून घेण्यासाठी जरा जोर लावला. वरचा समोरचा दात गेला. मी त्यांना दवाखान्यात नेलं. तोंडाला रुमाल लावून ते स्कूटरवर मागून माझ्या कानाशी म्हणाले, "म्हंजे तिचा वाचला." आवाजात इतकं समाधान मी त्यांच्याकडून कधीच ऐकलं नव्हतं.

आता उरलं रबर. स्टेशनच्या रस्त्याला एक टायरवाले चाचा होते, ट्रकची चाकं उतरवण्यात म्हातारे झालेले. साडूंनी त्यांच्या दुकानात बैठक मारली. टायरचे तुकडे चावायचे आणि बाजूला ठेवायचे. एकात तार निघाली, एकात दोरा. चाचांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साब, भूक लगी तो बोलो. सामने से खाना मंगाता." साडू म्हणाले, "कुत्री के वास्ते तपासून राह्यलो." चाचा म्हणाले, "हौ, तो कुत्ती कू लेको आते. उसके दाँत तो पूरे हैं." अखेर चाचांनी ट्रकच्या स्प्रिंग-पाट्यातला एक पोकळ रबरी बूश काढून दिला. साडूंचे डोळे चकाकले. तो हुबेहूब मासिकातल्या खेळण्यासारखा होता. एका बाजूने बंद, एका बाजूने उघडा. चावून झाला; तार नाही, दोरा नाही. मग त्यांनी विचार केला, सरकी हे चाटणार कसं, आणि जीभ आत घालून आतली हवा ओढली. जीभ आत बसली. बाहेर येईना. मी बाजूलाच होतो. माझे साडू, नवीन जालन्याच्या भर रस्त्यावर, तोंडाला ट्रकचा बूश लागलेला, दोन्ही हातांनी मला काहीतरी सांगतायत, आणि मला हसू आवरत नाही, ही शिक्षा कुणाला होऊ नये. चाचांनी पंक्चर शोधायच्या टपातलं साबणाचं पाणी हातावर घेतलं, त्यांच्या ओठांना लावलं आणि बाळाच्या तोंडातून काहीतरी काढावं तसा बूश फिरवत फिरवत काढला. "टायर का पंक्चर निकालता मैं," ते हात पुसत म्हणाले, "आदमी का पहली बार निकाला." सुजलेल्या जिभेने साडू एकच वाक्य बोलले, "वारा जायला दुसरं भोक पायजे. न्हाई तर ती घरात एकटीच अडकून बसल." त्यांना आपल्या जिभेचं काही नव्हतं. चाचांनी दुसरं भोक पाडायला घेतलं, तर बूशच चिरला.

अधिक सरत आला. ट्रक ठरला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. त्या आधीच्या रविवारी साडू आमच्याकडे आले, आणि पहिल्यांदाच काही न चावता बसून राहिले. चहा घेतला. मला म्हणाले, "पट्टा नवीन घेऊ का जुनाच देऊ? जुन्याला तिचा वास हे." मी टीव्हीच्या कपाटाकडे बघत राहिलो, म्हणून तेही बघायला लागले. तिथे, काचेच्या भांड्यांच्या मधोमध, माझ्या वडिलांचं चाडं ठेवलेलं होतं.

चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी भांडं. पेरताना मुठीतून त्यात बी सोडायचं. तळाच्या भोकांतून ते नळ्यांत उतरतं आणि नळ्यांतून जमिनीत. आमच्या शेतात आता ट्रॅक्टरने पेरणी होते, म्हणून मी ते घरी आणून शोभेला ठेवलं होतं. पेरणीच्या दिवसांत बायको त्याला हळदकुंकू लावायची. त्या वर्षीचं बोट अजून त्यावर होतं. साडू उठले. चाडं उचललं. खिडकीशी नेऊन आतून बोट फिरवलं, भोकांतून उजेड पाहिला, मग डोळे मिटले आणि उरलेल्या दातांनी कड चावली. मी माझ्या वडिलांची आठवण त्यांच्या तोंडात बघत उभा होतो.

"बाभळीचं हे," ते म्हणाले. "नुसत्या मुठी फिरून गुळगुळीत झालंय. टोचायला एक कूस न्हाई. रंग न्हाई, पालिश न्हाई. वारा जायला भोकं हायेत." मग त्यांनी ते जिथून उचललं होतं तिथे, अगदी तसंच, ठेवून दिलं. "पन तुमच्या बाबांचं हे. आन् एकानं काय होतंय, तोंड उघडंच राहतं. न्हाई जमायचं." ते चपला घालून निघाले. जिन्यापर्यंत गेले असतील. माझ्या बायकोने कपाट उघडलं, पदराने चाड्यावरची हळद पुसली, आणि माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन ते त्यांच्या पिशवीत टाकलं. "काचेत बसून काय पेरनार हे ते," एवढंच म्हणाली.

दुसरं चाडं साडूंच्या गावी, परतूरजवळ, त्यांच्या थोरल्या भावाकडे होतं. दोन्ही चाडी तोंडाला तोंड लावून जोडायची, म्हणजे आत पोकळी, दोन्ही अंगांना भोकं, असा लाकडी गोळा होणार होता. निरोप गेला तसे भाऊ स्वतःच चाडं घेऊन गाडीने आले. मदत करायला नव्हे, भांडायला. "अरे, तिफन पुजल्याबिगर आपन मूठ धरत न्हाई, आन् तू चाडं कुत्रीच्या तोंडात देऊन राह्यला?" साडूंनी भावाच्या हातातलं चाडं घेतलं आणि चावलं. भाऊ आधी खाली बसले, मग म्हणाले, "काही इलाज न्हाई तुझा. मंग पुजून तरी दे." सुताराने खिळा न मारता, सरस न लावता, लाकडी खुंट्यांनी दोन्ही चाडी जोडली, आणि आमच्या खानदानात प्रथमच कुत्रीच्या खेळण्याची यथासांग पूजा झाली. भाऊ कुंकू लावत होते आणि साडू मागून ओल्या फडक्याने ते पुसत होते. "कुंकवात काय घालतेत कुनाला ठाऊक. पोटात जाईल तिच्या." भाऊ म्हणाले, "देवाच्या पोटात रोज जातं." साडू म्हणाले, "देव चाटत न्हाई."

भोकांतून काय पडतं, किती पडतं, हे बघायला त्यांनी आधी घरातली खायची बाजरी भरून गोळा गच्चीवर लोळवून पाहिला; कंपनीचं औषध लावलेलं बी नव्हे, हे त्यांनी मला तीनतीनदा बजावून सांगितलं. मग भोकांच्या मापाने भाकरीचे वाळवलेले तुकडे. सरकीने गोळा हुंगला, चावला, त्याला काही झालं नाही. नाकाने ढकलला. एक तुकडा पडला. तिने तो खाल्ला, गोळ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा ढकलला, या वेळी जरा हळू. दुपारपर्यंत ती गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिफणीसारखे तास घालत होती. साडू रजा टाकून दाराआडून बघत होते. "बगा, मूठ कशी एकसारखी सोडून राह्यली," ते माझ्या कानात म्हणाले. "आमची आई अशी पेरायची."

अमावास्येला काकू वर आल्या. हातात काहीतरी हिरवं होतं. "साहेब, हे काय? माझ्या गच्चीच्या फटीफटीत बाजरी उगवून राह्यली." साडूंनी ते रोप हातात घेतलं, मूळ उजेडाकडे धरलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, "उगवन चांगली हे." काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग सरकीकडे बघितलं. ती गोळ्यामागे होती. तिने मानही वर केली नाही. "चार दिस झाले, नुसतं टक टक ऐकू येतंय," काकू म्हणाल्या. "मला वाटलं वर कुनी सुपारी कुटतंय. ना भुंकनं, ना काही. राहू द्या तिला. पन गच्ची निंदून घ्या." दुसऱ्या दिवशी ट्रक रिकामा गेला. अक्कांनी मामेभावाला ट्रकमध्ये बसवून अनारसे दिले. साडू निंदायला बसले.

सरकी पुढे खूप वर्षं जगली, आणि कुणाचीही चप्पल न खाता म्हातारी होऊन गेली. ती चाडी आता पुन्हा आमच्या टीव्हीच्या कपाटात आहेत, दोन जोडलेली, तशीच. त्यांवर दातांच्या खुणा आहेत. खोल आहेत त्या सरकीच्या. एका कडेला उथळ, मधे एका दाताची जागा सोडलेली खूण आहे, ती कुणाची हे पाहुण्यांना सांगत बसत नाही. साडू आले की आधी छताकडे बघतात, मग त्या कपाटाकडे, आणि मग चहाला हो म्हणतात.

पण मला आठवते ती गच्ची निंदून झाल्यानंतरच्या आठवड्यातली एक संध्याकाळ. साडू मला स्टेशनवर भेटले, खुशीत होते, चला म्हणाले, जिलेबी घेतली, मला स्कूटरवर मागे बसवलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी सवयीने हॉर्न वाजवला. वरून काही आवाज नाही. जिना चढताना ते म्हणाले, "झोपली असंल." दाराशी आलो तर आतून टक, टक, टक. त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं, आणि क्षणभर थांबून डावा पाय पुढे केला.

सरकीने एक कान आमच्याकडे वळवला. शेपूट एकदा हलली. मग तिने नाकाने गोळा ढकलला, पडलेला तुकडा उचलला आणि पाठमोरी होऊन पुन्हा कामाला लागली.

साडू पाय पुढे करून तसेच उभे. हातात जिलेबीचा पुडा. पायच्याला अक्कांनी नुकतीच नवी शिवण घातलेली होती, चांगली दिसत होती. जिन्याखालून काकू मान वर करून बघत होत्या. मी म्हणालो, चला आत, अक्का येतीलच गाडीने. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. ते खाली वाकले, पायातली चप्पल काढली, उंबऱ्यावरून आत सरकवली आणि भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

"सरके, चप्पल खा हवं तर. पन इकडं बघ तरी, मी आलोय."